रोज एक अध्याय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय मला सांगितला गेला तेव्हा मी थोडी बिचकले. ‘धर्मग्रंथाचं रोजचं वाचन आणि आशा’ असा विषय. मी कविता लिहिणारी बाई. शिक्षण बी. ए. पर्यंतचं. मौलाना नाही, पंडित नाही, पाळकही नाही. पण या विषयावर माझ्याकडे सांगण्यासारखं एक आहे आणि ते मी आजवर फारसं कुठे बोललेले नाही. मी मुसलमान आहे. रोजच्या वाचनातून माणसाला आशा कशी मिळते हे मी पाहिलं ते मात्र एका ख्रिस्ती बाईंच्या घरी, मराठी बायबल मोठ्यानं वाचताना.

आमचं गाव छत्रपती संभाजीनगर. माझ्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं. माझं लहानपण छावणी भागात गेलं. तिथे मशिदीची अजान, देवळातली घंटा, बुद्धवंदना आणि रविवारची चर्चची घंटा एकाच वाऱ्यावर ऐकू यायची. आमच्या भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती कुटुंब राहत होतं. त्या घरातल्या बाई घाटीमध्ये नर्स होत्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणायची. मीही तेच म्हणत आले. त्यांचं नाव मी इथे सांगणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

सिस्टरबाईंचं माहेर जालन्याकडचं. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री नावाचे एक ब्राह्मण गृहस्थ 1843 मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. गावकुसाबाहेरच्या अनेक कुटुंबांना तिथे शेती, शाळा आणि घर मिळालं. सिस्टरबाईंचे पूर्वज त्या परिसरातले. त्या सांगायच्या, “माझी आजी आमच्या घराण्यातली अक्षर ओळखणारी पहिली बाई. आणि ती अक्षर शिकली ते पवित्र शास्त्र वाचण्यासाठी.”

हे वाक्य मी लहानपणी कितीदा तरी ऐकलं असेल. त्याचा अर्थ कळायला पन्नाशी यावी लागली. ज्या माणसांना पिढ्यानपिढ्या धर्मग्रंथाला हात लावू दिला नाही, ऐकूही दिला नाही, त्यांच्या झोपडीत एक ग्रंथ येतो. तो त्यांच्याच भाषेत असतो, आणि चुलीपुढे बसून एक बाई तो वाचते. त्या ग्रंथात पुढे काय लिहिलंय हा नंतरचा प्रश्न. तो ग्रंथ आपल्या मांडीवर आहे, इथेच अर्धी आशा जन्माला येते.

आपल्या मराठीत ही परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला. तिथली भाषा शिकला आणि 1616 मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ 11 हजार ओव्या! ज्ञानोबांनी आणि एकनाथांनी ज्या छंदात सांगितलं त्याच छंदात त्यानं येशूची कथा सांगितली. पुढे 1811 मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरी यांनी मराठी नवा करार छापला. आणि मग पंडिता रमाबाई. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून एका बाईनं, एकटीनं, संपूर्ण बायबल मराठीत आणलं. तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे काम वर्षानुवर्षं चाललं होतं. जुलै 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही त्यांनी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. 1924 मध्ये केडगावच्याच छापखान्यात ते बायबल छापून पूर्ण झालं.

मुलगी गेल्यानंतरचे ते आठ-नऊ महिने माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतात. सकाळी उठून ती आई त्या कागदांसमोर कशी बसत असेल? ज्या शब्दांत सार्वकालिक जीवनाचं आश्वासन आहे तेच शब्द तपासताना तिच्या मनात काय येत असेल? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. सिस्टरबाईंच्या ओसरीवर थोडंफार मिळालं.

एप्रिल 2021. कोरोनाची दुसरी लाट. माझा धाकटा भाऊ त्या लाटेत गेला. वय सत्तेचाळीस. दवाखान्यात नेलं तेव्हा तो रिक्षातून हात हलवत गेला. परत आला नाही. तोंड पाहायला मिळालं नाही. आमच्याकडे मय्यतीला घरी गुस्ल देतात, कफन घालतात, घरातले सगळे जण एकदा चेहरा पाहतात. यातलं काहीही झालं नाही. काही तरुण स्वयंसेवकांनी दफनविधी केला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण माझ्यापुरता तो रिक्षातून हात हलवत गेला, तो गेलाच.

त्यानंतर माझ्या हातून नमाज सुटली. कविता तर आधीच सुटली होती. मुसल्ला घडी करून कपाटात ठेवला होता तो तसाच होता. अम्मी काही बोलायची नाही. ती मात्र फजरनंतर नेहमीसारखी तिलावत करायची. तिला अरबी वाचता येतं, अर्थ कळत नाही. तिचा तो हलका आवाज पलीकडच्या खोलीतून यायचा आणि मी उशी कानावर घ्यायचे.

ऑगस्टमध्ये सिस्टरबाईंनी निरोप पाठवला. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. दोन्ही डोळ्यांनी मधलं दिसत नव्हतं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. मोठ्या टाइपातलं पुस्तक आणून पाहिलं, भिंग आणून पाहिलं, उपयोग झाला नाही. सून नोकरीवरून रात्री उशिरा यायची. त्या म्हणाल्या, “बेटा, तू रेडिओवर कविता म्हणतेस. आवाज चांगला आहे तुझा. मला संध्याकाळी एक अध्याय वाचून दाखवशील का?”

मी म्हणाले, “बाई, मी मुसलमान आहे.”

त्या म्हणाल्या, “ते मला तुझ्या जन्मापासून माहीत आहे. दवाखान्यातून तुला घरी मीच आणलं होतं. मी तुला वाचायला सांगतेय, विश्वास ठेवायला नाही.”

नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नाही. आणि खरं सांगायचं तर घरात बसवत नव्हतं. अम्मीला विचारलं. ती म्हणाली, “जा. जबूर और इंजील का नाम तो अपने कुरआन में भी है.” दाऊद अलैहिस्सलामांना जबूर मिळाली आणि ईसा अलैहिस्सलामांना इंजील, ही आमची श्रद्धा आहे. कुरआनात मरियमच्या नावाचा एक संपूर्ण सूरा आहे. अर्थात फरकही मोठा आहे. ख्रिस्ती माणूस येशूला देवाचा पुत्र मानतो. त्याच्या क्रुसावरच्या मरणावर आणि पुन्हा उठण्यावर त्याची सगळी आशा उभी आहे. आम्ही ईसांना पैगंबर मानतो. हा फरक मी कधी झाकला नाही आणि सिस्टरबाईंनीही नाही. फरक माहीत असला की शेजार सोपा होतो.

मगरिबनंतर मी जायचे. ओसरीवर खाट, खाटेजवळ लाकडी खुर्ची, चेन लावलेल्या काळ्या कव्हरातलं पुस्तक. त्यांची वाचनाची पद्धत ठरलेली होती. रोज एक स्तोत्र आणि शुभवर्तमानाचा एक अध्याय. स्तोत्रं 150. म्हणजे पाच महिन्यांत एक आवर्तन. शुभवर्तमानं चार, त्यांचे मिळून अध्याय 89. म्हणजे तीन महिने. मग दुसरी पुस्तकं. नंतर पुन्हा पहिल्यापासून. वाचन झालं की दोन-चार मिनिटं शांत बसायचं. मग ‘उपासना संगीत’मधलं एखादं गीत त्या स्वतःच गुणगुणायच्या. बहुतेक वेळा रेव्हरंड टिळकांचं. त्यानंतर चहा.

मी म्हणायचे, “बाई, तेच तेच काय वाचायचं? तुम्हाला तर पाठ आहे.” त्या हसायच्या. “तू कालची भाकरी खाल्लीस म्हणून आज चूल पेटवली नाहीस का?”

आपल्याकडे हे नवीन नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवर नाथांचं पैठण आहे. तिकडे हरिपाठ रोज म्हणणारी घरं आहेत. आमच्याकडे कुरआनाचे तीस सिपारे रमजानच्या तीस दिवसांत पुरे करतात. रोज वाचणारा माणूस नवी माहिती शोधत नसतो. मजकूर तोच असतो. माणूस रोज वेगळा असतो.

पहिले काही आठवडे मी नुसती वाचत होते. आवाज लावायचा, उच्चार नीट करायचे, पान संपवायचं. स्तोत्रांतली कृतज्ञता, स्तुती, देव माझा मेंढपाळ आहे असा तो भाव, हे सगळं माझ्या बाहेरून वाहून जात होतं. मनात एकच यायचं की या लोकांना कुणी दवाखान्यात रिक्षानं पाठवलं नसावं.

मग नोव्हेंबर आला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आमची ती अठ्ठ्याऐंशीवी संध्याकाळ होती. म्हणून स्तोत्र अठ्ठ्याऐंशीवं. मी वाचायला लागले आणि माझा आवाज बदलला. त्या स्तोत्रातला माणूस लहानपणापासून दुःखात आहे. तो रात्रंदिवस देवाला हाका मारतोय आणि देव तोंड लपवून बसलाय. मेलेले तुझी स्तुती करायला उठतील काय, असं तो देवालाच विचारतो. त्याचे जवळचे सगळे दूर नेले गेलेत. मी वाट पाहत होते की आता शेवटी नेहमीसारखं वळण येईल. बहुतेक दुःखाच्या स्तोत्रांच्या अखेरीला एखादी तरी ओळ भरवशाची येते, हे एव्हाना मला कळलं होतं. इथे ती आलीच नाही. स्तोत्र अंधारात संपलं.

मी पुस्तक मिटलं. म्हणाले, “बाई, हे असं कसं? हे पवित्र शास्त्रात कसं ठेवलं?”

सिस्टरबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी मला त्यांच्या मुलाबद्दल सांगितलं. त्यांना दोन मुलं. धाकटा बाविसाव्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेला, हे गल्लीला माहीत होतं. पण पुढचं मला माहीत नव्हतं. ज्या वॉर्डात त्यांची ड्यूटी होती त्याच वॉर्डात त्याला आणलं होतं. त्या म्हणाल्या, “त्यानंतर वर्षभर मी हे एकच स्तोत्र वाचलं. रोज. पाळक म्हणाले, बाई, दुसरं काही वाचा. मी म्हणाले, मला दुसरं काही येत नाही. हे जर शास्त्रात नसतं ना बेटा, तर मी शास्त्र कायमचं मिटून ठेवलं असतं. यात माझ्यासारख्या बाईला जागा आहे म्हणून तर मी देवाच्या घरात राहिले.”

मी विचारलं, “मग पुढे?”

“पुढे काही झालं नाही. एक दिवस पान उलटलं आणि एकोणनव्वदावं वाचलं. ते देवाच्या दयेचं गाणं गाईन अशा शब्दांनी सुरू होतं. मला गाता आलं नाही. नुसतं वाचलं. दुसऱ्या दिवशी नव्वदावं.”

मग त्या म्हणाल्या, “आजचा अध्याय राहिला. वाच.”

श्रोतेहो, मी हिशेब केलेला नव्हता, त्यांनीही नव्हता. पण अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी शुभवर्तमानातला जो अध्याय येतो तो योहानाचा विसावा. मरिया मग्दालिया पहाटे, अंधार असतानाच, कबरीपाशी जाते. कबर रिकामी. ती बाहेर रडत उभी राहते. प्रेत कुठे नेलं तेही कळत नाही. समोर येशू उभा आहे आणि तिला तो माळी वाटतो. तो तिला तिच्या नावानं हाक मारतो तेव्हा कुठे ती ओळखते.

प्रेत कुठे नेलं ते माहीत नाही म्हणून रडणारी बहीण मी होते. तिथून पुढे मला वाचता आलं नाही. एप्रिलपासून जे आलं नव्हतं ते रडू त्या खुर्चीत आलं. सिस्टरबाईंनी अंदाजानं हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं, नर्स नाडी पाहताना धरते तसं. बस्स.

त्या रात्री घरी जाऊन मी अम्मीजवळ बसले. भाऊ गेल्यापासून आम्ही दोघी त्याच्याविषयी बोललो नव्हतो. त्या रात्री बोललो.

पुढे मी एकदा त्यांना सरळ विचारलं, “सिस्टरबाई, मुलगा पुन्हा भेटेल असं खरंच वाटतं तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “कसा भेटेल ते मला माहीत नाही. कोण भेटवणार ते माहीत आहे.” आणि त्यांनी मला योहानाचा सतरावा अध्याय पुन्हा काढायला लावला. त्यात येशू प्रार्थना करतोय. सार्वकालिक जीवन म्हणजे काय, हे तिथे त्या प्रार्थनेतच येतं. खऱ्या देवाला आणि त्यानं ज्याला पाठवलं त्याला ओळखणं, हेच ते जीवन. सिस्टरबाई म्हणाल्या, “लोकांना वाटतं, मेल्यावर सुरू होतं. अगं, ओळख काय मेल्यावर करायची असते? रोज संध्याकाळी थोडी थोडी होते. मरण मध्येच कुठेतरी येतं.”

आमच्याकडे आखिरतवर ईमान आहे. मरणानंतरचं जीवन आम्हीही मानतो. पण मी ते नेहमी हिशेबाच्या वहीसारखं पाहिलं होतं. ते आजच्या संध्याकाळीही सुरू असू शकतं, हे मला माझ्या ग्रंथात शोधायचं सुचलं ते या बाईंमुळे. मराठी अर्थ दिलेलं कुरआन मी कपाटातून काढलं. आपल्या जिवावर ज्यांनी अन्याय केला त्यांनीही अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नये, असं त्यात सांगितलं आहे. तुझ्या रबनं तुला सोडलेलं नाही, असा धीर पैगंबरांना दिलेला एक छोटा सूरा आहे. लहानपणापासून पाठ असलेला. अर्थासकट तो मी पन्नाशीनंतर वाचला. दुसऱ्या दिवशी मुसल्ला कपाटातून बाहेर आला.

लोकांनी विचारायचं ते विचारलंच. आमच्यातल्या एका नातलगानं विचारलं, “रोज बायबल वाचतेस, तिकडची झालीस काय?” सिस्टरबाईंच्या चर्चमधल्या एकीनंही आशेनं तेच विचारलं. दोघांनाही मी एकच उत्तर दिलं, “मी शेजारीण आहे.” धर्म बदलणं ही ज्याच्या त्याच्या जिवाची गोष्ट आहे. नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये आगगाडीत एका अनोळखी प्रवाशानं नवा करार दिला. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा संसार त्यानं उभा चिरला गेला. पुढे त्याही आपल्या मनानं, आपल्या वेळेला त्या वाटेवर गेल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की त्या निवडीची किंमत काय असते. मी अशा कुठल्याही निवडीपर्यंत गेले नाही. मी माझ्या घरी परत आले, एवढंच. पण वाट त्यांच्या ओसरीवरून होती, हे मी का लपवावं?

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनात मी श्रोत्यांत बसले होते. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. एक ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाचे अध्यक्ष कसे, म्हणून तेव्हा काही जणांनी विरोध केला होता. 2024 मध्ये ते गेले. त्यांचं ते पुस्तक मी सिस्टरबाईंना काही दिवस वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “छान आहे, कळतं. पण माझं जुनंच वाच. माझ्या आजीचे शब्द आहेत त्यात.”

जानेवारी 2024 मध्ये सिस्टरबाई गेल्या. शेवटचे चार दिवस त्या बोलत नव्हत्या. मी संध्याकाळी जाऊन वाचत राहिले. शेवटच्या संध्याकाळी कितवं स्तोत्र आहे याचा हिशेब मी मोडला आणि तेविसावं घेतलं, मृत्यूच्या दरीतून जाताना सोबत करणाऱ्या मेंढपाळाचं. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी एका ठिकाणी अडखळले. त्यांचे ओठ पुढे गेले.

मी त्यांच्या मातीला गेले. आमच्याकडे बायका सहसा कब्रस्तानात जात नाहीत. ख्रिस्ती कब्रस्तानात मात्र बायका कबरीपाशी उभ्या होत्या, मीही उभी राहिले. मूठभर माती टाकली. परतताना भाच्याला म्हणाले, गाडी जरा आमच्या कब्रस्तानाकडून घे. तीन वर्षं होत आली होती. मी आत गेले नाही. भिंतीशी थांबले. त्यानं बोट करून दाखवलं, त्या कडुनिंबाच्या पलीकडे मामू आहेत. मी फातिहा पढले. मेल्या माणसाला निरोप द्यायचा राहून गेला होता, तो त्या दिवशी दिला.

श्रोतेहो, मी तुम्हाला कोणता ग्रंथ वाचा हे सांगायला आलेले नाही. तुमच्या घरात जो असेल तो. ज्ञानेश्वरी असेल, धम्मपद असेल, कुरआन असेल, पवित्र शास्त्र असेल. एवढंच सांगते की तो संकटाच्या दिवशी उघडायचा म्हणून ठेवू नका. त्या दिवशी अक्षरं दिसत नाहीत. रोज थोडं वाचलेलं असलं तर ओठ आपोआप पुढे जातात. आणि जमलं तर मोठ्यानं वाचा. घरात डोळे गेलेलं कुणीतरी असतं. कधी ते आपणच असतो.

हल्ली फजरनंतर मी अम्मीजवळ बसते. ती अरबी वाचते. तिचं झालं की मी तेवढ्याच आयतींचा अर्थ मराठीतून वाचते. पंच्याऐंशी वर्षांची अम्मी काल मध्येच थांबवून म्हणाली, “अच्छा, ये लिखा है इसमें? फिर से पढ़.”

मी पुन्हा वाचलं.